हृदयाची हाक वेळीच ऐका

२९ ऑक्टोबर २०२१ हा दिवस बंगळूरचे रहिवासी सहजासहजी विसरणार नाहीत. कन्नड चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय अभिनेते पुनीत राजकुमार यांचे त्या दिवशी वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. ते नियमित व्यायाम करणारे, धडधाकट शरीराचे गृहस्थ म्हणून सर्वांना ठाऊक होते. त्यानंतरच्या दिवसांत बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी आलेल्या लोकांची रीघ लागली. त्यांत कित्येक जण तरुण होते. “आपल्यालाही असे होऊ शकेल काय?” हा एकच प्रश्न त्यांच्या मनात होता.

भय माणसाला काही दिवस जागे ठेवते. ज्ञान मात्र त्याला कायमचे सावध करते. शहाणा मनुष्य अरिष्ट येताना पाहून आश्रय घेतो, पण भोळा तसाच पुढे जाऊन हानी सोसतो, असे पवित्र शास्त्र सांगते. (नीतिसूत्रे २२:३) हृदयविकाराच्या बाबतीत हे बोधवचन किती खरे आहे! कारण पुष्कळदा हे अरिष्ट पूर्वसूचना देऊन येते. ती सूचना आपण ओळखतो का? आणि ओळखल्यावर आपण काय करतो?

झटका म्हणजे नेमके काय?

आपले हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्ताची गरज असते. ते रक्त हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या रोहिण्यांतून मिळते. वर्षानुवर्षे या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात चरबीचे थर साचत जातात. एखादे दिवशी असा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. त्या वाटेवर अवलंबून असलेला स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्नायू एकदम मरत नाही. तो मिनिटामिनिटाने मरत जातो. गुठळी लवकर विरघळवली किंवा रोहिणी लवकर उघडली, तर पुष्कळसा स्नायू वाचवता येतो. उशीर झाल्यास रुग्ण वाचला तरी त्याचे हृदय कायमचे दुबळे होते.

झटका आणि हृदय एकाएकी बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटका आलेला मनुष्य बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, वेदना सांगतो. परंतु झटक्यामुळे हृदयाचा ठेका बिघडून ते एकाएकी थांबू शकते. मग मनुष्य कोसळतो आणि त्याचा श्वास बंद होतो. या संकटाची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. म्हणूनच ते तास घरी घालवणे धोक्याचे आहे.

सहा तास कोठे जातात?

या बाबतीत बंगळूरच्याच संशोधकांनी आपल्या देशाला एक आरसा दाखवला आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. डेनिस झेवियर व त्यांचे सहकारी यांनी भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून २०,४६८ हृदयरुग्णांची माहिती एकत्र केली. ती २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रोहिणी पूर्णपणे बंद होऊन येणाऱ्या मोठ्या झटक्याच्या रुग्णांत त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. दुसऱ्या शब्दांत, निम्म्या रुग्णांना सहा तासांहूनही अधिक वेळ लागला होता. याउलट, रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध सुरू होण्यास लागलेला मध्यक काळ होता ५० मिनिटे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. रुग्णालयाच्या दाराच्या आत पन्नास मिनिटे. दाराबाहेर तीनशे साठ! आपण डॉक्टरांना, यंत्रांना, खर्चाला दोष देतो. पण सर्वांत मोठा विलंब आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या बिछान्यावर, आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर होत असतो. वाहनांच्या कोंडीसाठी बंगळूर प्रसिद्ध आहे खरे. परंतु सहाच्या सहा तास कोंडीत जात नाहीत. त्यांतील पुष्कळसा वेळ “थोडे थांबून पाहू” या तीन शब्दांत जातो.

शिवाय आपल्या लोकांना हा रोग लवकर गाठतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ आढळले. इतर देशांत ते ५९ होते. चाळिशीच्या आतील रुग्ण इतके येऊ लागले, की जयदेव संस्थेने त्यांचा स्वतंत्र अभ्यास हाती घेतला. तेव्हा “हा तर वृद्धांचा आजार” असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

ही चिन्हे ओळखा

चित्रपटांत मनुष्य छाती धरून ओरडतो आणि कोसळतो. प्रत्यक्षात झटका पुष्कळदा हळूहळू, संदिग्धपणे सुरू होतो. पुढील चिन्हे कुटुंबातील प्रत्येकाने, मुलांनीदेखील, माहीत करून घ्यावीत:

▪ छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वाटणे, जडपणा किंवा जळजळ. ती काही मिनिटांहून अधिक टिकते अथवा थांबून पुन्हा येते. रुग्ण पुष्कळदा तिला “दुखणे” असे म्हणतच नाही. “छातीवर कोणी बसले आहे” असे सांगतो.

▪ ही वेदना डाव्या हातात, दोन्ही हातांत, खांद्यांत, पाठीत, मानेत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरणे.

▪ काही श्रम केले नसता दरदरून घाम फुटणे, अंग गार पडणे.

▪ धाप लागणे, मळमळ किंवा उलटी, भोवळ, जीव घाबरा होणे.

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. स्त्रियांनाही छातीत त्रास होतोच. पण त्याबरोबर किंवा त्याऐवजी कमालीचा थकवा, धाप, मळमळ, पाठीत वा जबड्यात दुखणे अशी चिन्हे दिसू शकतात. मधुमेहात मज्जातंतू बधिर झालेले असल्याने वेदना अगदी सौम्य असू शकते, किंवा नसतेही. सर्वांचे जेवण उरकेपर्यंत आपला त्रास बोलून न दाखवणारी आई आपल्यापैकी कोणाच्या घरी नाही? तिच्या मौनाकडे लक्ष द्या.

काही जणांना झटक्याच्या आधी काही दिवस वा आठवडे इशारा मिळतो. जिना चढताना छाती भरून येते आणि विसावल्यावर बरे वाटते. असा त्रास नव्याने सुरू झाला असेल, वाढत असेल, किंवा बसल्याजागी होऊ लागला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

आपण का थांबतो?

पहिले कारण म्हणजे पित्त! “गॅस झाला असेल” असे म्हणून आपण ओवा चावतो, सोडा पितो, छातीला बाम चोळतो. पोटाचा वरचा भाग आणि हृदय यांच्या संवेदना मेंदूकडे जवळजवळच्या मार्गांनी जातात, म्हणून ही गफलत सहज होते. ढेकर आली म्हणजे हृदय ठीक आहे, असे मुळीच नव्हे. पित्त की हृदय, हा निवाडा घरी करता येत नाही. त्यासाठी ईसीजी काढावा लागतो.

दुसरे कारण संकोच. मध्यरात्री मुलांना का उठवावे? शेजाऱ्यांना का त्रास द्यावा? उपासना चालू असताना मध्येच कसे उठावे? आणि काही निघाले नाही, तर लोक हसतील! परंतु रुग्णालयातून “काही नाही” असे ऐकून परत येणे ही लाज नव्हे. ते उपकारस्तुतीचे कारण आहे.

तिसरे कारण अधिक गंभीर आहे, कारण ते विश्वासाचे रूप घेऊन येते. “प्रार्थना केली आहे, आता देव पाहील,” असे म्हणून काही बंधुभगिनी दवाखान्यात जाण्याचे टाळतात. हिज्कीया राजाचे उदाहरण अशा वेळी आठवावे. तो मरणाच्या दारी होता. त्याने अश्रू ढाळून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकून त्याच्या आयुष्याची पंधरा वर्षे वाढवली. तरी त्याच प्रसंगी यशया संदेष्ट्याने अंजिरांची ढेप आणवून त्याच्या गळवावर बांधवली. (२ राजे २०:१-७) प्रार्थना झाली, उत्तरही मिळाले, म्हणून औषध अनावश्यक ठरले नाही. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे याकोब सांगतो (याकोब ५:१४); वैद्याला बोलवू नये असे तो कोठेही म्हणत नाही. पौलाचा प्रिय सोबती लूक हा तर स्वतः वैद्य होता. (कलस्सै. ४:१४) तेव्हा प्रार्थना अवश्य करा, पण ती रुग्णवाहिकेत करा!

त्या वेळी काय करावे?

१. रुग्णाला ताबडतोब स्वस्थ बसवा. त्याला चालू देऊ नका, जिना उतरायला लावू नका. भिंतीला टेकून, गुडघे किंचित वर घेऊन बसणे बहुधा सोयीचे पडते. घट्ट कपडे सैल करा.

२. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करा. बंगळुरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांनी आपला पत्ता आणि जवळची खूण कन्नडमध्ये लिहून दाराजवळ लावावी. छातीत दुखते, हे सांगण्यासाठी “एदे नोवु” हे दोन शब्द घरातील प्रत्येकाला येऊ द्या. रुग्णवाहिकेला फार वेळ लागणार असेल तर दुसऱ्या कोणी वाहन चालवावे. रुग्णाने स्वतः मुळीच चालवू नये.

३. ॲस्पिरिनविषयी विचारा. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनमुळे पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. सामान्यतः ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून घेतात. परंतु ॲस्पिरिन न सोसणाऱ्या, रक्तस्राव होत असलेल्या वा पक्षाघाताची शंका असलेल्या व्यक्तीला ती घातक ठरू शकते. म्हणून दूरध्वनीवरील वैद्यकीय साहाय्यकाला अथवा डॉक्टरांना विचारूनच द्या. जिभेखाली ठेवायची गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे, त्यानेच घ्यावी. शेजाऱ्याची उसनी घेऊ नये.

४. योग्य ठिकाणी जा. सर्वांत नावाजलेले रुग्णालय गाठण्यासाठी शहर ओलांडण्यापेक्षा, जेथे अहोरात्र ईसीजी काढून उपचार सुरू होतात असे जवळचे रुग्णालय गाठणे हिताचे. असे रुग्णालय कोणते, हे आजच शोधून ठेवा. पोहोचताच “छातीत दुखते” हे पहिले वाक्य उच्चारा. ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. पहिला ईसीजी निर्दोष असला तरी डॉक्टरांनी थांबायला सांगितल्यास थांबा. रक्ततपासणी आणि पुन्हा काढलेला ईसीजी यांतून कधी कधी झटका उघडकीस येतो.

मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. पुनीत राजकुमार यांच्या नावाने कर्नाटक शासनाने ‘हृदय ज्योती’ ही योजना सुरू केली आहे. तिच्यात तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांना पाठवला जातो आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य दिले जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील वाचकांनी आपल्या तालुक्यात ही सोय कोठे आहे याची चौकशी करून ठेवावी. गोव्यातही अशाच प्रकारची सरकारी व्यवस्था आहे.

माझा शेजारी कोण?

समजा, एखादा मनुष्य तुमच्यासमोर कोसळला. हाक मारली तरी उत्तर नाही. श्वास नाही, किंवा केवळ आचके येत आहेत. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत उभे राहण्यात त्याचे प्राण जातील. एकाने दूरध्वनी करावा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर न वाकवता जोराने दाबावे: खोली सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर, गती मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यास दुसऱ्याने हात लावावा. मदत येईपर्यंत थांबू नये. जवळ विद्युत्‌झटका देणारे स्वयंचलित यंत्र असेल तर ते आणवावे; ते स्वतःच सूचना देते. ही कृती वाचून नव्हे, तर हाताने करून येते. तरुणसंघाने किंवा महिला मंडळाने एखाद्या ख्रिस्ती रुग्णालयातील परिचारिकेला बोलावून एका रविवारी दुपारी तिचा सराव का करू नये?

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्याकडे पाहा. त्याने जागच्या जागी जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या मनुष्याला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, आणि वर खर्चाचे दोन दिनारही दिले. (लूक १०:३३-३५) प्रथमोपचार, वाहन आणि पैसा: या तिन्ही गोष्टी त्याच्या दयेत होत्या.

तिसऱ्या गोष्टीकडे आपण विशेष लक्ष द्यावे, असे वर उल्लेखलेला अभ्यास सुचवतो. त्यात ३० दिवसांच्या आत मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण सधन रुग्णांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी झाली. म्हणजे गरिबाचे हृदय अधिक दुबळे नव्हते. त्याला उपचार कमी मिळाले होते! आपल्या मंडळीत रिक्षा चालवणारे, घरकाम करणारे, सुरक्षारक्षक म्हणून रात्रपाळी करणारे बंधुभगिनी असतील. त्यांची आरोग्य योजनेची कागदपत्रे तयार आहेत का, हे आजारपणापूर्वी पाहणे आणि संकटकाळासाठी मंडळीत थोडा निधी राखून ठेवणे, हे एकमेकांची ओझी वाहण्याचेच कार्य आहे. (गलती. ६:२)

वाचल्यानंतरचे जीवन

झटक्यातून वाचलेल्या व्यक्तीची लढाई रुग्णालयातून घरी आल्यावर संपत नाही. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडणे ही मोठी घोडचूक होय. विशेषतः रोहिणीत स्टेंट बसवलेला असताना रक्त पातळ ठेवणारी औषधे मनाने बंद केल्यास तेथे पुन्हा गुठळी होऊ शकते. चालणे हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावे. बहुतेकांना काही आठवड्यांत आपल्या कामावर परतता येते.

‘इंटरहार्ट’ अभ्यासात आढळले की पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी निगडित असतो. धूम्रपान, रक्तातील बिघडलेले मेद, उच्च रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, फळे व भाज्यांची उणीव, मद्यपान आणि व्यायामाचा अभाव यांचा परिणाम त्यात पाहिला होता. यांतील बहुतेक गोष्टी आपल्या हातच्या आहेत. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे मानणाऱ्यांनी विडी-सिगारेट आजच सोडावी. (१ करिंथ. ६:१९, २०) ताणाविषयी म्हणाल, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसलेल्या मोशेला त्याच्या सासऱ्याने काय सुचवले ते वाचा. अशाने तू झिजून जाशील, कामाची वाटणी कर, असा त्याच्या सल्ल्याचा आशय होता. (निर्गम १८:१३-२३) रात्रंदिवस संगणकापुढे बसणाऱ्या आजच्या बंगळूरकराला हा सल्ला जुना वाटेल काय?

मनावरची जखम मात्र दिसत नाही. पुष्कळ रुग्ण पुढे उदास होतात, झोपायला भितात, बारीकशा कळेनेही दचकतात. काहींना वाटते, “देवाने मला शिक्षा केली.” नाबालाचे हृदय दगडासारखे झाले व दहा दिवसांनी तो मेला, हा वृत्तान्त वाचून ते अधिकच घाबरतात. (१ शमुवेल २५:३६-३८) परंतु एका दुष्ट मनुष्याविषयी जे प्रकट केले गेले, ते प्रत्येक रुग्णाला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते, ही समजूत येशूने स्वतः खोडून काढली. (लूक १३:४, ५) रुग्णाला दोष देणारे नव्हे, तर त्याच्याबरोबर सायंकाळी फिरायला जाणारे मित्र हवेत. उदासी हटत नसेल, तर तीही डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.

आपले दिवस मोजण्यास देवाने आपणास शिकवावे, अशी मोशेची प्रार्थना होती. (स्तोत्र ९०:१२) दिवस मोजणाऱ्याने प्रसंगी मिनिटेही मोजली पाहिजेत. जीवन हे देवाचे दान आहे, आणि दानाची निगा राखणे हा दात्याचा आदर आहे. म्हणून छातीवर भार जाणवला तर गप्प बसू नका. बोला, मदत मागा आणि निघा. आणि तुमच्या घरात कोणी घाम पुसत “काही नाही, जरा पित्त झाले आहे” असे म्हणत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याला घेऊन चला.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. झटक्याची कोणती चिन्हे स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेही व्यक्तींत वेगळी असू शकतात?

२. हिज्कीयाच्या उदाहरणावरून प्रार्थना व औषध यांच्या संबंधाविषयी काय शिकता येते?

३. तुमच्या घरापासून जवळचे, अहोरात्र ईसीजीची सोय असलेले रुग्णालय कोणते? हे घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे का?

४. दाखल्यातील शोमरोनी मनुष्याच्या तीन कृतींपैकी तुमची मंडळी या महिन्यात कोणती सुरू करू शकेल?